कर्नाळ्याच्या पायथ्याचे घर



मुलाने कर्नाळ्याजवळ छोटेसे घर बांधायला घेतले, तेव्हा सून म्हणाली, "आई, हे घर आपण गावाकडच्या घरासारखे सजवू." म्हणून दोघी जुन्या वस्तूंच्या एका दुकानात गेलो. दारातच तांब्याचे घंगाळ मांडलेले होते. माझे पाय तिथेच थबकले. तसेच घंगाळ आमच्या पनवेलच्या घरी होते. १९८४ साली, मी नवी सून असताना, ते मोडीत घातले आणि त्या पैशांत स्टीलचे डबे आणले. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत. घंगाळ तराजूवर चढले, तेव्हा त्या फक्त उठून आत गेल्या. आता दुकानदाराने किंमत सांगितली आणि बी. कॉम. झालेली मी हिशेबच विसरले.

घरी आल्यावर मनात आले, गावाकडचे घर म्हणजे नेमके काय? आपण ज्याला शोभा म्हणतो, ते तेव्हा कशासाठी होते?

कर्नाळ्याचा अंगठ्यासारखा सुळका आपण गोव्याच्या रस्त्याने जाताना पाहतो. बंदरांकडून बोरघाटाकडे जाणाऱ्या वाटेवर लक्ष ठेवणारा हा किल्ला. १६७० मध्ये शिवाजी महाराजांनी तो मोगलांकडून परत घेतला, १८१८ मध्ये तो इंग्रजांकडे गेला. जवळच्या शिरढोण गावात ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके जन्मले. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८७९ मध्ये वासुदेव बळवंतांनी इंग्रजांविरुद्ध बंड केले आणि १८८३ मध्ये एडनच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. त्यांचा वाडा आज स्मारक म्हणून जपला आहे. सुनेला मी मुद्दाम तिथे घेऊन गेले. म्हटले, आधी खरे जुने घर बघू, मग दुकानात जाऊ.

या भागातली जुनी घरे पावसाने घडवली आहेत. जून ते सप्टेंबर इथे पाऊस नुसता कोसळतो. म्हणून छप्पर उतरते आणि वळचण खाली आलेली, म्हणजे मातीच्या भिंतीला झड लागत नाही. पावसाळ्याआधी पडवी झावळ्यांच्या झापांनी बंद करायची आणि आत सरपण व अवजारे ठेवायची. ओटी आल्यागेल्यासाठी. माजघर मधोमध, म्हणून उन्हाळ्यात गार. कोनाडा जाड भिंतीत, कारण तिथे दिवा वाऱ्याने विझत नाही. शिंके मांजर आणि मुंग्यांपासून दूध-दही वाचवायला. गरिबांच्या घरी कारवीच्या काठ्यांचा कूड माती-शेणाने लिंपलेला असे. यातले काहीच सजावट म्हणून केलेले नव्हते.

ज्या लाल कौलांना आज आपण गावची खूण समजतो, ती मंगलोरी कौले तर कारखान्याची. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरजवळ जेप्पू येथे कौलांचा कारखाना काढला आणि ही कौले जहाजांतून किनाऱ्याने वर आली. त्याआधी इथे गवताचे छप्पर किंवा कुंभाराची नळीची कौले असत, ती दर वर्षी परतावी लागत. मंगलोरी कौल एकमेकांत अडकून बसते. बायकांनी आणि गवंड्यांनी ते सोयीचे म्हणून स्वीकारले. म्हणजे गावाकडचे घरही नवे घेतच होते, पण उपयोग पाहून.

मग आमची पिढी आली. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, नवी मुंबई वसू लागली, वाडे पाडून स्लॅबच्या इमारती आल्या. त्यात आम्ही पाटा-वरवंटाही सोडला आणि घंगाळही. इंग्लंडमध्येही असेच झाले होते. कारखान्यांच्या मालाचा पूर आला, तेव्हा विल्यम मॉरिस यांनी १८६१ मध्ये हातकामाच्या घरसामानाची कंपनी काढली. तो माल इतका महाग पडे की घेणारे बहुतेक श्रीमंतच. साधेपणा एकदा घरातून गेला की परत आणायला पैसे मोजावे लागतात.

आम्ही मग एक नियम केला. घरात तेच आणायचे, ज्याला काम असेल. छप्पर कौलारू केले, गवताचे नाही, कारण त्यात किडामुंगीची वस्ती होते आणि मग फवारणीचे पाप. याच कारणाने वाळवी लागलेले जुने खांबही नाकारले. खाली शहाबादी फरशी, ओटीवर झोपाळा आणि भिंतीत दोन कोनाडे. बस्स.

घंगाळ आम्ही घेतले नाही. पण नणंदबाईंना ही गोष्ट सांगितली, तेव्हा त्यांनी माळ्यावरून एक पितळी परात काढली. "आईने माझ्याकडे ठेवायला दिली होती. म्हणाली, सूनबाई नवी आहे, तिला नको असेल." मला उत्तर सुचले नाही. त्या परातीत आता आम्ही रोज उकाळलेले पाणी ठारतो.

मैत्रिणींनो, माळ्यावरचे काही मोडीत घालण्याआधी घरातल्या मोठ्या बाईला एकदा विचारा. तिने हो म्हटले तर खुशाल द्या. मी विचारलेच नव्हते.