पुलगावातली बिऱ्हाडे

पुलगावचा इतिहास आजवर सांगितला गेला तो बहुतांशी कापसाच्या आणि लोखंडाच्या भाषेत. रेल्वे केव्हा आली, सरकी काढण्याचे कारखाने कसे उभे राहिले, गिरणीत चात्या किती फिरत, दारूगोळ्याचे भांडार किती एकरांवर पसरले, या गोष्टी कागदोपत्री सापडतात. परंतु गाव म्हणजे केवळ मालाची चढउतार नव्हे. कोणी एक तरुण येथे नोकरीस लागला, वर्षा-दोन वर्षांनी लग्न करून परतला, आणि भाड्याच्या एका खोलीत त्या दोघांनी चूल मांडली. अशा असंख्य चुलींचे मिळून हे गाव झाले. त्या चुलींच्या इतिहासाकडे आम्हांला येथे पाहावयाचे आहे.

मराठीत या गोष्टीसाठी एक नेमका शब्द आहे: बिऱ्हाड. घर वाडवडिलांचे असते. बिऱ्हाड आपण करतो. 'तुमचे घर कुठले?' आणि 'सध्या बिऱ्हाड कुठे?' हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरेही बहुधा निराळी असतात. पहिल्याचे उत्तर देताना माणूस आपल्या मूळ गावाचे नाव घेतो. दुसऱ्याचे उत्तर देताना मालकाचे, चाळीचे किंवा क्वार्टरच्या क्रमांकाचे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे आपण म्हणतो, तेव्हा या शब्दातला तात्पुरतेपणाच आपल्या मनात असतो. पुलगावचे वैशिष्ट्य असे की येथे बहुसंख्य लोकांची सुरुवात बिऱ्हाडापासून झाली आणि घर मागाहून आले.

याचे कारण गावाच्या नावातच आहे. वर्धा नदी ही वऱ्हाड आणि मध्य प्रांत यांच्यामधील सीमा. वर्धा जिल्हा १८६२ साली नागपूरपासून वेगळा काढण्यात आला, आणि त्याच सुमारास अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. वर्धेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीकडे आणि 'हिंगणघाट' या नावाने परदेशी बाजारात ओळखल्या जाणाऱ्या कापसाकडे इंग्रज व्यापाऱ्यांचे लक्ष गेले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची भुसावळहून निघालेली शाखा नदी ओलांडून १८६७ साली नागपूरला पोचली. मग कापसाची बाजारपेठ भरली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने निघाले, आणि एकोणिसावे शतक संपण्यापूर्वी सूतगिरणी व विणकामाची गिरणीही उभी राहिली. १९१७ साली आर्वीपर्यंत सुमारे ३५ किलोमीटरचा अरुंद रुळांचा मार्ग झाला. तो घातला गेला कापसासाठी. पण अशा गाड्यांतून केवळ गाठी जात नसतात. सणाला माहेरी निघालेली आर्वीकडची लेक आणि तिला आणायला आलेला भाऊ यांनाही याच गाडीने बैलगाडीच्या प्रवासातून सोडवले.

रेल्वेने माणसांना गावाबाहेर काढले हे सर्वपरिचित आहे. तिने नवरा-बायकोच्या नात्यालाही एक नवी जागा करून दिली, याचा उल्लेख मात्र क्वचित होतो. एकत्र कुटुंबात नव्या जोडप्याला स्वतःचे असे काही नसे. वडीलधाऱ्यांदेखत पतीशी बोलणे अमर्यादपणाचे मानले जाई. स्वयंपाकघर सासूच्या हुकमतीत, पैसा सासऱ्याच्या. नोकरीच्या गावी बदली झाली म्हणजे ही सारी रचना एकदम गळून पडे. रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' (१९१०) या पुस्तकात हे स्पष्ट दिसते. पुण्याच्या घरी त्यांच्या शिकण्याला घरातल्या बायकांचा कडवा विरोध होता. १८७८ साली न्यायमूर्तींची नाशिकला बदली झाली, तेथे संसाराची सूत्रे रमाबाईंच्या हाती आली आणि अभ्यासालाही मोकळीक मिळाली. रानड्यांची बदली ही एरवी राजकीय इतिहासाची एक तळटीप. रमाबाईंच्या दृष्टीने मात्र तो आयुष्यातला एक उंबरठा होता.

लक्ष्मीबाई टिळकांची कथा याहून अवघड. १८९० च्या दशकाच्या आरंभी नारायण वामन टिळक नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने काम करीत होते, आणि लक्ष्मीबाईंचे बिऱ्हाडही तेथे होते. नाशिककडून नागपूरला जाणारा त्या काळचा लोहमार्ग पुलगावच्या पुलावरूनच जातो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि दोघांचा संसार मोडला. दोघांनी पुन्हा एकत्र संसार मांडला तो काही वर्षांच्या ताटातुटीनंतर. नवे घर म्हणजे मोकळीक, हे रमाबाईंवरून म्हणता येते. लक्ष्मीबाईंवरून दुसरी बाजूही लक्षात घ्यावी लागते. सासर-माहेरच्या आधारापासून दूर गेलेल्या स्त्रीचा सारा भार एका माणसावर पडतो, आणि तो माणूस सरला, फिरला वा निघून गेला तर तिच्या पायाखाली काही उरत नाही.

या दोघी लिहिणाऱ्या होत्या, सुशिक्षित पतींच्या पत्नी होत्या. गिरणीच्या आसऱ्याने जे संसार उभे राहिले त्यांचा ताल वेगळा होता. तेथे दिवस भोंग्यावर उजाडे. जिनिंगमध्ये हंगामी कामाला बायका मोठ्या संख्येने असत. म्हणजे नवी सून ही केवळ घर सांभाळणारी नव्हती, ती मजुरी आणणारीही होती. १८९१ च्या कारखाना कायद्याने स्त्रियांच्या कामाचे तास दिवसाला अकरांवर आणले. अकरा तास ही सवलत होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यापूर्वीच्या दिवसाची कल्पना येते. त्या अकरा तासांच्या अलीकडे-पलीकडे पाणी भरणे, दळणे, भाकरी थापणे होतेच. त्याचे तास कोणत्याही कायद्याने मोजले नाहीत. मध्य प्रांतात प्रसूतीच्या काळातील भत्त्याचा कायदा झाला तो १९३० साली. तरुण जोडप्याच्या घरातली सर्वांत मोठी घटना सरकारी कागदावर येण्यास रेल्वेनंतर साठांहून अधिक वर्षे लागली.

या घरांची मांडणी डोळ्यांसमोर आणणे कठीण नाही. कवेलूंचे छप्पर, एका कोपऱ्यात चूल, एका कोपऱ्यात पाण्याचा रांजण, भिंतीला टेकवून उभी केलेली बाज, कोनाड्यात देव. जळणाला पऱ्हाट्या, कारण कापसाच्या मुलखात वेचणी संपली की शेतात तेवढेच उरते. पऱ्हाटी भडकन पेटते आणि तितक्याच लवकर विझते; त्यामुळे चुलीपुढून उठायची सोय नसते, आणि धूर सारा डोळ्यांत. तेथून जवळच वर्ध्याच्या मगनवाडीत, १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कार्यात, धूर कमी करणारी 'मगन चूल' तयार झाली. गांधीजींच्या वर्ध्याचा विषय निघाला की आपण सत्याग्रहाची आणि ठरावांची चर्चा करतो. तेथे कोणीतरी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या डोळ्यांचाही विचार करीत होते, ही गोष्ट आम्हांला कमी महत्त्वाची वाटत नाही.

आता थोड्या कटू बाबीकडे वळले पाहिजे. बिऱ्हाड करायचे म्हणजे प्रथम जागा मिळाली पाहिजे, आणि जागा देणारा प्रथम जात विचारी. बाजारपेठेचे गाव नवे असले तरी घरमालकाची नजर जुनीच होती. विदर्भातील महार समाजात जाडेभरडे कापड विणण्याची परंपरा होती. गिरण्या आल्यावर त्यातले अनेक गिरणीकामगार झाले. यंत्रापुढे दोघे शेजारी उभे राहत. संध्याकाळी परतताना मात्र वस्त्या वेगळ्या होत. रेल्वेच्या वा कारखान्याच्या क्वार्टरचे मोल येथे कळते. ती जागा कितीही अपुरी असली, तरी ती नोकरीच्या हुद्द्यावर मिळे, घरमालकाच्या मर्जीवर नव्हे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली व दिली, तेव्हा विदर्भातील असंख्य घरांच्या कोनाड्यांतले देव उतरले आणि भिंतीवर बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर आली. त्यानंतर लग्न होऊन आलेल्या जोडप्यांनी संसार मांडला तोच मुळी निराळ्या भिंतीखाली. धर्मांतराचा इतिहास दीक्षाभूमीवर घडला हे खरे. तो टिकला मात्र अशा एक-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुलगावला तिसरा आश्रयदाता मिळाला: लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार. ६ एप्रिल १९४२ रोजी विशाखापट्टणम आणि काकीनाडा येथे जपानी बाँब पडले होते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकाइन' या जहाजातील स्फोटकांनी हाहाकार उडवला. भरवस्तीशेजारी दारूगोळा असणे म्हणजे काय हे त्या दिवशी साऱ्या देशाला कळले. किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर, मुख्य लोहमार्गावरचे पुलगाव या कामाला सोयीचे होते. भांडार पुढे वाढत जाऊन आशियातील अत्यंत मोठ्या दारूगोळा भांडारांपैकी एक मानले जाऊ लागले. गावातील तरुणाला त्यामुळे कायमची सरकारी नोकरी, निवृत्तिवेतन आणि लग्नाच्या बाजारात वजन मिळाले. गिरणीची नोकरी बाजारभावावर हलते, भांडाराची हलत नाही, हा हिशेब मुलीचे वडीलही करीत असत.

या स्थैर्याची किंमत ३१ मे २०१६ रोजी दिसली. मध्यरात्रीनंतर भांडारातील एका कोठाराला आग लागली, स्फोट झाले, आणि लष्करी अधिकारी, जवान व अग्निशमन दलाचे कर्मचारी मिळून सोळाहून अधिक जण मृत्युमुखी पडले. आगरगावसारख्या लगतच्या गावांतील लोकांनी रात्रीच घरे सोडली. २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर पुन्हा स्फोट होऊन सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतून मजुरीला आलेले होते. पहिल्या दुर्घटनेत आग विझवणे हेच ज्यांचे काम होते ते गेले. दुसरीत रोजंदारीवर राबणारेही गेले. या दुसऱ्या प्रकारच्या माणसाला क्वार्टर नसते, निवृत्तिवेतन नसते. त्याच्या बायकोच्या संसाराला भांडाराने धोका तेवढा दिला, स्थैर्य दिले नाही. आधुनिक पुलगावातील बिऱ्हाडांची खरी विभागणी आम्हांला येथे दिसते.

या साऱ्यांच्या समोर एक वेगळे उदाहरण ठेवण्यासारखे आहे. वर्धा जिल्ह्यातीलच हिंगणघाटला १९१४ साली जन्मलेले बाबा आमटे आणि नागपूरच्या घुलेशास्त्री घराण्यातील साधनाताई यांचा विवाह डिसेंबर १९४६ मध्ये झाला. वकिली सोडलेल्या पतीबरोबर साधनाताईंनी वरोऱ्याला संसार मांडला, आणि १९५१ साली दोन लहान मुले घेऊन त्या आनंदवनाच्या माळरानावर राहायला गेल्या. सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि १४ रुपये, ही त्या आरंभाची शिदोरी आता सर्वांना ठाऊक आहे. येथे नोकरीने जोडप्याला नव्या गावी नेले नव्हते. नोकरी टाकून दोघे निघाले होते. तरी पाणी, जळण, साप-विंचू आणि रात्रीचा अंधार यांना त्यागाचे कौतुक नसते. त्या घराचा रोजचा व्यवहार आपल्याला कळतो तो साधनाताईंनी 'समिधा' लिहिले म्हणून. एरवी आनंदवनाचा इतिहासही एकरांत आणि रुग्णसंख्येतच सांगितला गेला असता.

म्हणूनच आम्हांला असे वाटते की पुलगावसारख्या गावांचा इतिहास ज्यांना लिहायचा आहे त्यांनी गॅझेटियर मिटून एकदा घरातली ट्रंक उघडावी. तेथे भाड्याच्या पावत्या असतात, क्वार्टर ताब्यात घेताना केलेली दिव्यांची आणि कड्याकोयंड्यांची यादी असते, आणि बहुधा शिधापत्रिका असते. लग्नानंतर मुलीच्या माहेरच्या शिधापत्रिकेतून 'नाव कमी केल्याचा दाखला' काढावा लागतो. तो जोडला की नव्या पत्रिकेत दोघांची नावे चढतात. एका कार्यालयात नाव खोडले जाते, दुसऱ्या कार्यालयात लिहिले जाते, आणि मधल्या काही दिवसांत ती बाई सरकारच्या लेखी कुठेच जेवत नसते. वास्तविक त्या दिवसांत ती नव्या खोलीत पाण्याची वेळ शोधत असते, शेजारणीची ओळख करून घेत असते, आणि दोन माणसांना पीठ किती लागते याचा अंदाज बांधत असते. गाव वसते ते याच दिवसांत.