गव्हाविना गोड : एका आईच्या म्हणण्याची गोष्ट

सध्या पहाटे पांघरुणातून पाय बाहेर काढवत नाही, अशी थंडी पडली आहे. अशा दिवसांत संध्याकाळी काहीतरी गरम आणि गोड खावंसं वाटतं. आज मी तुम्हाला तसाच एक पदार्थ सांगणार आहे. खाली शिजलेलं सफरचंद आणि पेरू, वर ज्वारीच्या पिठाचा खरपूस चुरा. नाव इंग्रजी आहे, क्रंबल, पण सामान सगळं आपल्या डब्यांतलं. कृती शेवटी सांगते, कागद-पेन्सिल हाताशी ठेवा. त्याआधी या पदार्थात गहू का नाही, ते सांगायला हवं. त्यामागे शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे आणि थोडी माझी चूकही आहे.

माझ्या नणंदेची नात. चार वर्षांची झाली तरी दोन-अडीच वर्षांची वाटायची. पोट नगाऱ्यासारखं, हातापायांच्या काड्या, सारखे जुलाब. जंताचं औषध देऊन झालं, दृष्ट काढून झाली. घरात तिच्या आईलाच बोलणी बसायची, ‘पोरीला नीट भरवत नाहीस.’ ती बिचारी आणखी भरवायची. दूध-पोळी कुस्करून, तूप घालून शिरा, चहाबरोबर बिस्किट. एकदा ती मला म्हणाली, ‘मामी, ज्या दिवशी नुसता भात खाते ना, त्या दिवशी ती बरी असते.’ मी काय म्हणावं? मी म्हटलं, ‘अगं, भातानं काय अंगी लागतंय? पोळी दे.’

पुढे तपासणी झाली आणि कळलं, मुलीला सीलिॲक आजार आहे. गव्हातला ग्लुटेन नावाचा भाग तिच्या शरीराला चालत नाही. तो पोटात गेला की शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं. आतड्याच्या आतल्या बाजूला बारीक लव असते, तिच्यातून अन्नरस शोषला जातो. ती लवच झिजून सपाट होते. मग कितीही भरवा, अंगी लागत नाही. म्हणजे आम्ही मायेनं जे भरवत होतो, तेच तिला बाधत होतं. आणि तिची आई बरोबर सांगत होती.

तेव्हापासून मी या आजाराबद्दल मिळेल ते वाचत गेले.

हा आजार जुना आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी एरेटियस नावाच्या ग्रीक वैद्यानं अशा रोग्यांचं वर्णन लिहून ठेवलं होतं. ग्रीक भाषेत पोटाला ‘कोइलिया’ म्हणतात, त्यावरूनच सीलिॲक हे नाव आलं. मग १८८७ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या मुलांच्या रुग्णालयात सॅम्युएल जी या डॉक्टरांनी या आजारावर व्याख्यान दिलं. ते म्हणाले, रोगी बरा होणार असेल तर तो आहारानंच होईल. एका मुलाला त्यांनी रोज भरपूर शिंपल्या खाऊ घातल्या. हंगाम होता तोवर मूल चांगलं सुधारलं. हंगाम संपला आणि पुन्हा बिघडलं. जी यांची दिशा बरोबर होती, पण पथ्यात त्यांनी एक गोष्ट राहू दिली होती : पातळ कापून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजलेला पाव!

त्यानंतर आलं केळं. न्यूयॉर्कमध्ये सिडनी हास नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. पोर्तो रिकोमधल्या एका गावाबद्दल त्यांच्या लक्षात आलं होतं, की तिथे पाव खाणाऱ्यांना पोटाचा विकार होतो आणि केळ्यांवर राहणाऱ्या शेतकऱ्यांना होत नाही. १९२४ साली त्यांनी केळ्यांच्या आहारावर लेख प्रसिद्ध केला. मुलांना रोज भरपूर केळी द्यायची. पाव, बिस्किटं, बटाटे, सगळी धान्यं बंद. मरणाच्या दारातली मुलं उठून खेळू लागली. आयांनी हास यांना देव मानलं असेल, तर त्यात नवल नाही.

पण श्रेय मिळालं केळ्याला. ताटात काय आलं, ते सगळ्यांनी पाहिलं. ताटातून काय गेलं, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. याची किंमत मुलांना मोजावी लागली. केळ्यांनी मूल ‘बरं झालं’ असं समजून काही काळानं त्याला पुन्हा पाव सुरू व्हायचा आणि आतड्याची झीज आतल्या आत पुन्हा चालू व्हायची. हा आजार असा बरा होऊन संपत नाही. पथ्य जन्मभराचं असतं.

आता नेदरलँडला जाऊ या. हेग शहरात मुलांचं एक रुग्णालय होतं, युलियाना राजकन्येच्या नावाचं. १९३६ साली विलेम डिके हे तरुण बालरोगतज्ज्ञ तिथले प्रमुख झाले. वय अवघं एकतीस. त्या सुमाराची एक हकीकत सांगितली जाते. एक तरुण आई त्यांच्याकडे आली आणि म्हणाली, ‘मी पाव बंद केला की माझ्या मुलाच्या अंगावरचा पुरळ लवकर जातो.’ त्या आईचं नाव इतिहासात नाही. पण डिके यांनी तिचं म्हणणं उडवून लावलं नाही. ‘पाव दे’ असं ते म्हणाले नाहीत, हे मला फार लागलं.

डिके यांनी पाव वगळून मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली आणि निरीक्षणं लिहून ठेवली. १९४१ साली त्यांनी आपल्या भाषेतल्या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला, की अशा मुलांना पाव आणि टोस्ट नको, गव्हाचं पीठ न घातलेली लापशी चालेल. तोवर देश जर्मन फौजांच्या ताब्यात गेला होता. जग लढाईत होतं. तो लेख डच भाषेबाहेर फारसा कुणी वाचला नाही.

मग १९४४-४५चा हिवाळा आला. डच लोक त्याला ‘भुकेचा हिवाळा’ म्हणतात. दोस्त सैन्याला मदत म्हणून डच रेल्वे कामगारांनी संप केला, त्याचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडच्या शहरांची अन्नवाहतूक रोखली. कालवे गोठले, बोटी थांबल्या. कोळसा नाही, वीज नाही. लोक साखरेचं बीट आणि ट्युलिपच्या फुलांचे कंद उकडून खाऊ लागले. माणसं हजारोंनी मेली.

मैत्रिणींनो, अशा दुष्काळात सगळी मुलं वाळत होती, पण डिके यांची सीलिॲकची मुलं सुधारत होती. आणि लक्षात घ्या, त्या हिवाळ्यात हेगमध्ये केळी कुठून येणार? केळी नव्हती आणि पावही जवळजवळ नव्हता. मग बाहेरून मदत आली. स्वीडनचं पीठ आलं, त्याचा पांढरा पाव भाजला गेला. एप्रिलअखेर विमानांतून अन्नाची पोती टाकली गेली. सगळ्या शहराला त्या पावाची चव अमृतासारखी लागली. सीलिॲकची मुलं मात्र पाव खाऊन पुन्हा आजारी पडली. डिके यांच्या मनात जे आधीपासून होतं, ते त्या हिवाळ्यानं पक्कं केलं.

तरी ते घाईनं बोलले नाहीत. लढाई संपल्यावर त्यांनी वर्षानुवर्षं मुलांच्या आहारात एकेक धान्य घालून-काढून पाहिलं, वजन-उंची मोजली. १९५०मध्ये उट्रेख्तच्या विद्यापीठात त्यांनी प्रबंध सादर केला. वायर्स आणि व्हान डे कामर या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी दाखवून दिलं, की गहू खाल्ल्यावर या मुलांच्या पोटात स्निग्धांश शोषला न जाता शौचावाटे निघून जातो. १९५२ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉक्टरांनी गव्हाचे भाग वेगळे करून तपासले. नुसता स्टार्च मुलांना चालला. बाधला तो ग्लुटेन.

ग्लुटेन म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. लहानपणी शेतात गव्हाचे दाणे तोंडात टाकून चघळत बसायचो, आठवतं? चघळता चघळता गोडवा निघून जायचा आणि रबरासारखा चिकट गोळा उरायचा. तोच ग्लुटेन. कणकेचा गोळा पाण्याखाली धूत राहिलात तर पांढरं पाणी निघून जातं आणि हातात तो चिवट भाग राहतो. त्याच्यामुळे कणीक ताणली जाते, पोळी पातळ लाटता येते, पाव फुगतो.

ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका यांत हा चिवटपणा नाही. म्हणून तर भाकरीच्या पिठाला गरम पाणी लागतं, ते तळहातानं मळून मळून विरी आणावी लागते आणि भाकरी लाटण्यापेक्षा थापणं सोपं जातं. आपल्या आज्यांच्या काळी बऱ्याच घरांत रोज भाकरीच असायची, पोळी सणावाराला. आता मुलाच्या हातात पोळी आणि बिस्किट सकाळपासून असतं. गहू वाईट नाही. बहुतेकांना तो उत्तम चालतो. पण ज्याला चालत नाही, त्याच्यासाठी आपल्या आजीचा पिठाचा डबा पुरेसा आहे.

आता क्रंबलकडे येते. हा इंग्लंडमधल्या घरांतला थंडीचा पदार्थ. दुसऱ्या महायुद्धात तो घराघरांत पोचला, असं मानलं जातं. जानेवारी १९४०पासून तिथे लोणी आणि साखर रेशनवर आली. फळांवर पिठाची पारी लाटून पाय करायचा तर लोणी भरपूर लागतं. मग बायकांनी पारीच सोडून दिली. थोडं पीठ, थोडं लोणी, बोटांनी चुरा करायचा आणि फळांवर भुरभुरायचा. त्या वेळी तो गव्हाच्या पिठाचाच होता. पण पारीला चिवटपणा लागतो, चुऱ्याला लागत नाही. चुरा तर मोडायलाच हवा! म्हणून गहू काढून ज्वारी घातली तरी या पदार्थाचं काही अडत नाही. केकमध्ये गव्हाची जागा भरताना पीठ बसतं, तुटतं, नाना खटपटी कराव्या लागतात. इथे काहीच नाही.

घ्या लिहून. दोन मोठी सफरचंदं आणि दोन घट्टसर पिकलेले पेरू. पेरूच्या बियांचा गर काढून टाका. दोन्हींच्या फोडी करून दोन चमचे गूळ, अर्ध्या लिंबाचा रस आणि चिमूटभर सुंठ घालून कढईत पाच-सात मिनिटं परता. सुटलेलं पाणी आटू द्या, नाहीतर वरचा चुरा मऊ पडतो. चुऱ्यासाठी एक वाटी ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी दाण्याचं जाडसर कूट, अर्धी वाटी बारीक चिरलेला गूळ, किंचित जायफळ, चिमूटभर मीठ. यात पाव वाटी थिजलेलं तूप बोटांच्या टोकांनी चोळा. मळायचं नाही. वाळूत खडे असावेत तसं दिसलं की झालं. कोरडं वाटलं तर चमचाभर तूप आणखी.

तूप लावलेल्या भांड्यात फळं पसरा, वर चुरा भुरभुरा, दाबू नका. ओव्हन असेल तर १८० अंशांवर तीस-पस्तीस मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड कढईत मीठ पसरून त्यावर कडं ठेवा, झाकण लावून दहा मिनिटं तापवा, मग भांडं आत ठेवून मंद आचेवर तेवढाच वेळ. कढईत वरून रंग येत नाही, म्हणून ज्वारीचं पीठ आधी कोरडंच खमंग भाजून, पूर्ण गार करून घ्या. झाकणाला आतून फडकं बांधलंत तर वाफेचं पाणी वर पडणार नाही.

घरात सीलिॲकचं कुणी असेल तर तीन गोष्टी. ज्वारी गिरणीत गव्हानंतर दळू नका. गहू न दळलेल्या घरच्या चक्कीवर किंवा धुऊन वाळवलेल्या मिक्सरमध्ये वेगळी दळा. बाजारच्या पूड हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, तेव्हा पुडीवरचं वाचा. आणि रवा, मैदा, शेवया, दलिया हे गहूच. जवही चालत नाही. आणखी एक, कुणाला शंका असेल तर मनानंच गहू बंद करू नका. आधी डॉक्टरांकडून रक्ताची तपासणी करून घ्या. गहू सोडल्यावर तपासणी केली तर आजार असूनही न सापडण्याची शक्यता असते.

आमच्या घरची मुलगी आता नऊ वर्षांची आहे. वर्गात उंचीनं मधल्या रांगेत उभी राहते. तिचा वाढदिवस जानेवारीत येतो. या वर्षी तिच्या आईनं हेच क्रंबल केलं आणि सगळ्या घराला वाढलं, वेगळं ताट कुणालाच नाही. मी दुसऱ्यांदा मागितलं तेव्हा ती हसून म्हणाली, ‘मामी, पोळी देऊ का?’

मी हसले, पण मान खालीच गेली. मैत्रिणींनो, तुमच्या घरात एखादी आई मुलाच्या खाण्याबद्दल काही वेगळं सांगत असेल, तर आधी तिचं पुरतं ऐकून घ्या.