रक्तदात्याचे चौसष्ट दिवस

फेब्रुवारीची चौदा तारीख आली की हल्ली म्हापशाच्या बाजारात गुलाबाचा भाव वाढतो. कॉलेजची मुले-मुली फुले घेऊन हिंडताना दिसतात आणि त्यात वावगे काही नाही. मला मात्र या तारखेला दरवर्षी हळदोण्याची एक इमारत आठवते. क्षयरोग्यांसाठी बांधलेली आणि पुढे वापरात नसलेली. १९८९ साली याच तारखेला पर्रा गावातल्या एका तरुणाच्या घरी पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. त्याचे नाव डॉमिनिक डिसोझा.

त्याने चोरी केली नव्हती, कुणाला मारले नव्हते. त्याने रक्त दिले होते. डॉमिनिक नियमित रक्तदाता होता. दिलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्हीचा विषाणू आढळला आणि ती बातमी त्याच्या आधी पोलिसांपर्यंत पोचली! नेमक्या याच गोष्टीपाशी मी इतकी वर्षे अडखळत आलो आहे. माझ्या अंगातल्या रक्ताविषयीची माहिती आधी कुणाची? माझी, डॉक्टरची, की सरकारची?

मी तेव्हा म्हापशात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो. ती चौदा तारीख मंगळवारची. शुक्रवारच्या बाजारापर्यंत बातमी सगळीकडे झाली. मासळी बाजारात, बसमध्ये, चहाच्या गाड्यावर दुसरा विषयच नव्हता. त्याने हात लावलेला ग्लास कुणी वापरला असेल, तो कोणत्या न्हाव्याकडे केस कापायचा, बसमध्ये कुणाच्या शेजारी बसायचा, असली चर्चा. मिरच्या विकणारी एक म्हातारी तेवढी हळहळत म्हणाली, "रगत दिवपाक गेल्लो मरे तो!" रक्त द्यायला गेला होता रे तो! त्या सगळ्या गदारोळात मुद्द्याचे बोलणारी ती एकटीच होती, हे मला फार उशिरा कळले.

कारण आम्ही शिकलेली मुले काय बोलत होतो? चहाच्या गाड्यावर माझा एक मित्र म्हणाला, "असल्यांना कोंडूनच ठेवले पाहिजे." मी मान हलवली. नुसती मान हलवून थांबलो असतो तरी एक वेळ ठीक. त्याच महिन्यात आमच्या कॉलेजात रक्तदान शिबिर होते आणि मी नाव नोंदवले होते. त्या दिवशी ताप आल्याचे सांगून मी घरी राहिलो. माझ्यासारखे आणखी किती जण घरी राहिले असतील?

आता कायद्याकडे वळू. 'गोवा, दमण आणि दीव सार्वजनिक आरोग्य कायदा' १९८५ चा. त्यात पुढच्या दोन वर्षांत दुरुस्त्या होऊन, तपासणीत विषाणू आढळलेल्या माणसाला वेगळे ठेवण्याची तरतूद आली. हे कलम लिहिणारे दुष्ट होते असे मी म्हणणार नाही. भारतात या विषाणूची पहिली नोंद १९८६ साली तेव्हाच्या मद्रासमध्ये झाली होती. औषधाच्या नावाने एकच गोळी जगात होती, तीही सामान्यांच्या आवाक्याबाहेरची. गोव्यात देशोदेशीचे पर्यटक येणारे. अधिकाऱ्यांना भीती वाटली तर त्यात नवल नाही. पण भीतीने कायदा लिहिताना त्यांनी जुन्या साथींचा कित्ता गिरवला. पटकी, प्लेग, देवी यांचा. एचआयव्ही शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने, खोकल्याने पसरत नाही हे १९८९ साली वैद्यकाला चांगले ठाऊक होते. मग त्या ओसाड इमारतीत एका धडधाकट माणसाला ठेवून संरक्षण कुणाचे झाले?

या कोंडण्याला एका आईने आव्हान दिले. ल्युसी डिसोझा यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात याचिका दाखल केली. बाजू मांडायला 'लॉयर्स कलेक्टिव्ह'चे आनंद ग्रोव्हर उभे राहिले. डॉमिनिकचे मित्रमैत्रिणी, नाटकवाली मंडळी, गावातले लोक रस्त्यावर उतरले. चौसष्ट दिवसांनी डॉमिनिक घरी आला. खटला चालू असतानाच सरकारने कलमात बदल करून 'वेगळे ठेवावेच' याच्या जागी 'वेगळे ठेवता येईल' असे केले.

पण निकाल काय लागला? गोष्ट सांगणारे बहुतेक जण इथे थांबतात, कारण पुढचा भाग गोड नाही. न्यायालयाने ते कलम वैध ठरवले. विलगीकरणाने माणसाच्या स्वातंत्र्यावर घाला येतो हे न्यायमूर्तींनी मान्य केले, पण व्यक्तीचा हक्क आणि समाजाचे हित समोरासमोर आले तर व्यक्तीच्या हक्काने माघार घ्यावी, असा कौल दिला.

या युक्तिवादाने मला पुष्कळ काळ गप्प बसवले होते. समाजाचे हित म्हटले की आपण मान तुकवतो. पण इथे मांडणीच चुकलेली होती असे मला आता वाटते. डॉमिनिकचा हक्क आणि समाजाचे हित या लढाईतल्या दोन बाजू नव्हत्याच. याचिकेतही हाच मुद्दा होता. रक्त द्यायला गेलेला माणूस कोठडीत जातो हे दिसले की लोक तपासणीला यायचे थांबतात. विषाणू मग अंधारात पसरतो. माझ्या त्या खोट्या तापाची गोष्ट मी एवढ्यासाठीच सांगितली. ज्या 'समाजा'च्या हितासाठी डॉमिनिकला कोंडले, त्या समाजातला मी एक होतो आणि त्याच्या कोंडण्याने माझी रक्ताची एक बाटली कमी झाली.

हे सारे आपल्याला नवे असायला नको होते. १८९७ सालचा पुण्यातला प्लेग आपण मराठी माणसे शाळेत शिकतो. त्या वर्षीचा साथरोग कायदा, घरात घुसून झडत्या घेणारे सोरे, रँड आणि चापेकर बंधू. साथ खरी होती, उपाय करणे गरजेचे होते. पण ज्यांच्यासाठी उपाय करायचा, त्यांनाच आरोपी केल्यावर काय होते, हा त्या प्रकरणाचा अर्धा धडा आहे. आम्ही तो देशभक्तीचा धडा म्हणून पाठ केला आणि आरोग्याचा म्हणून वाचायचा विसरलो. म्हणून तर बारा मैलांवर तसेच काही घडले तेव्हा ओळखू आले नाही. यावेळी सोजीर गोरे नव्हते, एवढाच फरक!

डॉमिनिकची नोकरी गेली. तो गप्प बसला नाही. आपले नाव आणि चेहरा न लपवता बोलत राहिला. १९९२ साली इझाबेल द सांता रिता वाझ यांच्यासारख्या नाट्यक्षेत्रातल्या सोबत्यांना घेऊन त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था सुरू केली. त्याच वर्षी मे महिन्यात तो गेला. त्याच्या आयुष्यावरून सुचलेला ओनीर यांचा 'माय ब्रदर... निखिल' २००५ साली आला.

त्याच्यानंतर कायदा सरळ रेषेत पुढे गेला असे नाही. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने, विषाणू असला तरी काम करण्यास सक्षम असलेल्या मजुराला नोकरी नाकारता येणार नाही असे सांगितले, आणि त्याला नाव उघड न करता खटला लढवू दिला. पण १९९८ साली सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले दुसरे प्रकरण पाहा. तोही रक्तदाताच! नातेवाइकाच्या शस्त्रक्रियेसाठी रक्त द्यायला गेलेला एक डॉक्टर. त्याच्या रक्ताची बातमी फुटली आणि ठरलेले लग्न मोडले. न्यायालयाने रुग्णालयाचा दोष मानला नाही. वर, अशा माणसाचा लग्नाचा हक्कच स्थगित असल्याचे म्हटले. हे शेवटचे विधान नको होते असे न्यायालयाने २००२ साली स्पष्ट केले. होणाऱ्या वधूला धोका कळायलाच हवा, हे कुणीही मान्य करील. पण कुणी सांगायचे, कुणाला सांगायचे, आणि आधी त्या माणसाशी बोलायचे की नाही? हा प्रश्न डॉक्टर एकटा सोडवू शकत नाही, न्यायाधीशही नाही. तिथे समुपदेशक लागतो, घरचे लागतात, आणि ज्याचे रक्त आहे तो तर लागतोच.

संसदेने २०१७ साली एचआयव्ही आणि एड्सविषयीचा कायदा केला, तो सप्टेंबर २०१८ पासून लागू झाला. समजावून घेतलेल्या संमतीशिवाय तपासणी नाही, मोजके अपवाद सोडता परवानगीशिवाय माहिती उघड करणे नाही, आणि विषाणू आहे म्हणून माणसाला वेगळे काढणे हा भेदभाव. डॉमिनिकच्या आईने जे मागितले होते, ते जवळजवळ तीस वर्षांनी कागदावर उतरले.

मग २०२० साल आले. यावेळी आजार श्वासातून पसरणारा होता, वेगळे राहणे गरजेचे होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आमच्या वाड्यावरच्या एका घराच्या दारावर कागद चिकटवून गेले आणि येणारेजाणारे लांबून फोटो काढू लागले. आतली म्हातारी बाई खिडकीतून मला म्हणाली, "मी चोरी केली काय रे?" मला चहाचा तो गाडा आठवला. मी पाव आणि दूध तिच्या पायरीवर ठेवले आणि लांब उभा राहून अर्धा तास बोललो. फार मोठे काही केले नाही. त्याच वर्षी डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, सक्षम अधिकाऱ्याचा खास आदेश असल्याशिवाय असे कागद लावू नयेत असे सांगितले. अंतर ठेवणे आणि डाग लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे कळायलाही आपल्याला न्यायालय लागले.

असो. हुकलेले रक्तदान मी पुढे केले, आणि अजूनही जमेल तेव्हा करतो. रक्तपेढीत भरायच्या फॉर्मवर एक साधा प्रश्न असतो. तपासणीत काही आढळले तर तुम्हाला कळवावे का, होय की नाही. बहुतेक जण न वाचताच खूण करतात. मी तिथे क्षणभर थांबतो. १९८९ साली पर्ऱ्याच्या त्या मुलाला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.