सुरुंगाचा हादरा मोजायचा कसा?

सुरुंग उडाला की शेजारच्या भूमिगत खाणीचे छत टिकेल का? हे ठरवायला हादरा मोजावा लागतो. पण मोजायचे काय? अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्सने १९४२ साली जमिनीचा प्रवेग निवडला. १९७१ साली त्याच संस्थेने कणांचा वेग अधिक विश्वासार्ह मानला आणि घरांसाठी सेकंदाला सुमारे ५० मिलिमीटर ही मर्यादा सांगितली. १९८० साली कमी वारंवारतेच्या कंपनांसाठी ती आणखी खाली आणली.

मात्र घराचे माप आपण खाणीला लावू शकत नाही. खडकातून आलेली दाबाची लाट पोकळीच्या कडेवरून परतताना ताणाची होते, आणि खडक ताणाला कच्चा असतो. झरियात तर जुन्या भूमिगत खाणींच्या वरच उघड्या खाणी आल्या. तिथे भेगा, खांब आणि छत तपासूनच आपल्याला मर्यादा ठरवावी लागते. छताखाली माणसे असतात.