लाकडी पोटाची खर्ज-गिटार

भजन रंगात आले की सगळ्यांचे लक्ष असते ते टाळ, मृदंग आणि बुवांच्या आवाजाकडे. मागे तंबोरा छेडत बसलेल्या माणसाकडे कोणी वळून पाहत नाही. पण त्याचा हात थांबू द्या. लगेच सर्वांना चुकल्याचुकल्यासारखे होते. खर्जाचे असेच आहे, बरं का. असतो तेव्हा जाणवत नाही, नसला की गाणे पोरके होते. आज अशाच एका खर्जाच्या पाश्चात्त्य वाद्याची हकीकत सांगावयाची आहे. त्याचे नाव अकूस्टिक बेस गिटार; म्हणजे विजेवाचून, नुसत्या लाकडाच्या पोटातून बोलणारी खर्जाची गिटार.

साध्या गिटारीला सहा तारा असतात, हिला बहुधा चार. गिटारीच्या खालच्या चार तारांचेच स्वर, पण एक सप्तक खाली. गिटारीची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, हिची ४१ वेळा. आता मोकळ्या लोट्याच्या तोंडावर फुंकर घाला आणि मग मोठ्या घागरीच्या तोंडावर घाला. घागर खाली बोलते, नव्हे काय? खर्जाला पोट मोठे लागते आणि तारही लांब व जड लागते. म्हणून डबल बास हे जुने वाद्य जवळजवळ सहा फूट उंच झाले. ते वाजवायचे उभ्याने आणि प्रवासात न्यायचे म्हणजे घरातले कपाट हलवण्यासारखेच! तेव्हा कारागिरांपुढे प्रश्न पडला, की हा खर्ज काखेत मारून नेता येईल काय?

मेक्सिकोच्या लोकांनी आपल्यापुरते उत्तर काढले होते. तेथील मारियाची गायकांच्या ताफ्यात गितारोन नावाचे वाद्य असते. त्याला सहा तारा, पडदे नाहीत, आणि पाठ भोपळ्यासारखी फुगीर. आवाज भरावा म्हणून वादक एकच स्वर दोन सप्तकांत, दोन तारांवर एकदम छेडतो. अमेरिकेत १९१२ च्या सुमारास गिब्सन कंपनीने मॅन्डोलिनच वाढवून वाढवून एवढे केले, की ते जमिनीवर टेकवून वाजवावे लागे. त्याला मॅन्डोबास म्हणत. मॅन्डोलिनच्या वाद्यवृंदांचे दिवस सरले, तसे तेही मागे पडले.

मग वीज आली. १९३० नंतरच्या दशकात सिॲटलच्या पॉल टटमार्क यांनी विजेवर चालणारी, आडवी धरण्याची बेस गिटार केली. पण ती फारशी पसरली नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणली. भरीव लाकूड, ३४ इंची तार, आणि दांडीवर पडदे. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. आवाज देण्याचे काम विजेच्या पेटीकडे गेले आणि पोटाची गरजच उरली नाही. प्रश्न सुटला, असेच सर्वांना वाटले.

पण अर्नी बॉल यांना तसे वाटले नाही. विजेच्या गिटारीला जर विजेची बेस जोडीदार आहे, तर बिचाऱ्या लाकडी गिटारीने कोणाबरोबर संसार करावा? गितारोन डोळ्यांपुढे ठेवून, फेंडर यांचे जुने सहकारी जॉर्ज फुलर्टन यांच्या साहाय्याने त्यांनी १९७२ मध्ये ‘अर्थवुड’ नावाची बेस काढली. तिचे पोट आठ इंचांहून अधिक खोल होते. धंदा म्हणाल तर बेताचाच झाला. काम मध्ये थांबले, पुन्हा सुरू झाले आणि १९८५ मध्ये बंद पडले.

तरी वाद्य मेले नाही. मिलवॉकी शहरात व्हायोलंट फेम्स नावाचे तीन तरुण रस्त्यावर गात असत. रस्त्यावर वीज कोठून आणणार? १९८१ मध्ये एका नाट्यगृहाबाहेर ते गात असता, आत कार्यक्रमाला आलेल्या प्रिटेंडर्स या नामांकित ताफ्याने त्यांना ऐकले आणि त्याच रात्री रंगमंचावर बोलावले. त्यांच्यातील ब्रायन रिची यांची अर्थवुड १९८३ च्या पहिल्या तबकडीने दूरवर पोहोचली. पुढे १९८९ पासून अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘अनप्लग्ड’ हा लाकडी वाद्यांचा कार्यक्रम सुरू झाला. १९९३ साली निर्वाणा या ताफ्याचे क्रिस्ट नोव्होसेलिक तेथे हीच जातीची गिटार घेऊन बसले.

येथे एक गंमत सांगतो. शिक्षकमंडळींनी वर्गात जरूर सांगावी. ४१ कंपनांचा स्वर नीट उमटवायला या गिटारीचे पोट खरे म्हणजे लहानच पडते. मूळ स्वर क्षीण निघतो. त्याच्या दुपटीचे, तिपटीचे उपस्वर मात्र ठळक येतात. आपला कान त्या उपस्वरांवरून मूळ स्वर मनाशी जुळवून घेतो. तळहाताएवढ्या कर्ण्याच्या लहान रेडिओवरही तुम्हांला खर्ज ऐकू येतो, तो याच किमयेने.

म्हणून अशी गिटार निवडताना आवाज किती मोठा, हे आधी पाहू नये. सर्वांत जाड तार छेडावी आणि स्वर गोल उमटतो की नुसता धप्प होतो, ते ऐकावे. प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर दाबून पाहावी. कोठे खरखर नको. दांडी डोळ्यांच्या रेषेत धरून वाकडी नाही ना, आणि घोडी फळीपासून सुटू लागली नाही ना, हे तपासावे. पुष्कळ गिटारींत घोडीखाली विजेची सोय असते. पण पारख करायची ती वीज न लावता. शक्य तर बरोबर मित्र न्यावा. त्याने साधी गिटार वाजवावी आणि आपण खर्ज धरावा. दोघांचे एकमेकांना ऐकू आले, की वाद्य जमले.

ढोल-ताशांपुढे ही गिटार गप्पच होईल. तो तिचा दोष नव्हे. तिला एक खोली, एक गिटार, एक गाणारा गळा आणि चार ऐकणारे पुरेत. मोठा आवाज करण्याच्या अनेक युक्त्या माणसाने शोधल्या. तरीही या हळू बोलणाऱ्या वाद्यासाठी कोणी ना कोणी पुन्हा लाकूड तासायला बसलेच. ज्या घरात एकमेकांचे ऐकून घेतले जाते, तेथे खर्जाला ओरडावे लागत नाही.