वंशकल्पना आणि समलिंगी पुरुष : ठाणे-कल्याण परिसराच्या संदर्भात

रिचर्ड बर्टन हा एके काळी मुंबई इलाख्याच्या सैन्यातील अधिकारी होता. ‘अरेबियन नाइट्स’च्या भाषांतरास १८८५-८६ मध्ये जोडलेल्या समारोपाच्या निबंधात त्याने पुरुषांमधील समलिंगी संग हा पृथ्वीवरील एका विशिष्ट पट्ट्याचा गुणधर्म होय, असे प्रतिपादन केले. सिंध, पंजाब व काश्मीर त्याने या पट्ट्यात घातले. ठाणे व कल्याण बाहेर राहिले. १८६२ पासून अमलात आलेल्या दंडसंहितेने मात्र हा भेद मानला नाही. तिचे ३७७ वे कलम कराचीस लागू होते, तसेच कल्याणासही. प्रौढांचे संमतीचे खाजगी संबंध त्यातून मुक्त होण्यास २०१८ साल उजाडावे लागले.

अमेरिकेत २००९ मध्ये निघालेल्या ‘ग्राइंडर’ने पुढे वंशवार निवडीची सोय दिली, ती काढून टाकण्याचा निर्णय जून २०२० मध्ये जाहीर झाला. त्या यादीत ‘दक्षिण आशियाई’ असे एकच सदर होते. डोंबिवलीच्या तरुणास शेजाऱ्यांतून निवड करण्यास ते निरुपयोगीच. येथील भेदाची जुनी खूण जात ही होय. मे २०१५ मध्ये ‘मिड-डे’त पद्मा अय्यर यांनी पुत्रासाठी वर हवा अशी जाहिरात दिली. तीत जातीची अट नाही, तथापि अय्यर असल्यास पसंती, असे नमूद होते. ही पुस्ती विनोदाने जोडल्याचे नंतर सांगण्यात आले; परंतु विनोदही परिचित रूढीवरच उभा राहतो.

सारांश, वंशाचे सदर पुसल्याने येथील वर्गीकरण पुसले जात नाही. त्याचा शोध जातीच्या इतिहासातच घ्यावा लागेल.