वनस्पती तेल, ट्रक आणि जर्मनीचा कर

एखादं तंत्रज्ञान मागे का पडलं असं कुणी विचारलं, की आपण विज्ञान शाखेची मंडळी लगेच प्रयोगशाळेकडे बघतो. मीही तेच केलं. जर्मनीत काही वर्षं लोक ट्रक-ट्रॅक्टरमध्ये शुद्ध रेपसीड तेल घालत होते आणि नंतर ते जवळपास थांबलं, हे वाचल्यावर मी वहीत एका शब्दात कारण लिहून टाकलं: व्हिस्कॉसिटी.

अडचण खरीच आहे. ४० अंश सेल्सिअसला हे तेल डिझेलच्या साधारण दहापट घट्ट असतं. थंडीत पंपाला जड जातं, नॉझलमधून नीट फवारलं जात नाही, कार्बन साचतो. पण हे सगळं आधीपासूनच माहीत होतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं होतं. पुढे लुडविग एल्सबेट यांनी वनस्पती तेलासाठी खास इंजिन बनवलं, तेल तापवून देणारे किटही बाजारात आले. म्हणजे वापर वाढत होता तेव्हाही तेल तितकंच घट्ट होतं. मग बदललं काय?

उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडलं. जर्मनीत डिझेलवर खनिज तेल कर होता, पण शुद्ध वनस्पती तेलाला तो लागत नसे. १९९९ ते २००३ या काळात पर्यावरणीय कर सुधारणेखाली डिझेलवरचा कर टप्प्याटप्प्याने लिटरमागे सुमारे ३२ सेंटवरून ४७ सेंटवर गेला. गंमत बघा, वनस्पती तेलासाठी वेगळं काही न करताही त्याची सवलत दर वर्षी वाढत गेली! २००४ पासून जैवइंधनांची करमाफी कायद्यात स्पष्ट लिहिली गेली, आणि ती २००९ अखेरपर्यंत राहील असं ठरलं. त्या भरवशावर लोकांनी छोटे तेल गाळप कारखाने टाकले, ट्रक बदलून घेतले.

पण २००६ मध्येच सरकारने दिशा बदलली. तिजोरीत येणारा कर बुडत होता, आणि गरजेपेक्षा जास्त सवलत देऊ नये असा युरोपीय संघाचा नियमही होता. ऑगस्ट २००६ पासून बायोडिझेलवर ९ सेंट कर आला. शुद्ध तेलावर २००८ मध्ये सुमारे १० सेंट, २००९ मध्ये सुमारे १८ आणि २०१३ पासून ४५ सेंट. शिवाय २००७ पासून तेल कंपन्यांवर जैवइंधनाचा ठरावीक वाटा विकण्याची सक्ती झाली. त्यासाठी त्यांना डिझेलमध्ये मिसळता येणारं बायोडिझेलच सोयीचं होतं. २००७ मध्ये शुद्ध तेलाचा वापर सात लाख टनांहून जास्त होता, २०१० मध्ये तो एक लाख टनांच्याही खाली आला.

मग 'कर हेच कारण' असं लिहून मोकळं व्हायचं का? थांबा. २००७-०८ मध्ये जगभर खाद्यतेलं महागली होती आणि २००८ च्या शेवटी कच्चं तेल कोसळलं. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या की एकीलाच श्रेय देता येत नाही, हे आपण प्रयोगात शिकतो. इतिहासातही तेच लागू होतं.

इथे तुलनेसाठी एक गट मात्र आयता मिळतो. शेतीकामात वापरलेल्या तेलाची करमाफी कायम राहिली. ट्रकवाला आणि शेतकरी, दोघांचं तेल एकच, बाजार एकच, कर वेगळा. तरी तुलना अगदी स्वच्छ नाही, कारण शेतकऱ्याला डिझेलवरही कराचा काही भाग परत मिळे. म्हणजे तेलाकडे वळण्याचा त्याचा फायदा मुळातच कमी.

तेव्हा प्रबंधाचा आराखडा लिहायला बसाल, तेव्हा कालपट्टीत दोन रकाने करा: एका बाजूला यंत्रात काय बदललं, दुसऱ्या बाजूला कायद्यात आणि बाजारात काय बदललं. माझा दुसरा रकाना कितीतरी महिने कोराच होता. 'व्हिस्कॉसिटी' हा शब्द मी वहीतून खोडलेला नाही, फक्त त्याच्यापुढे एक प्रश्नचिन्ह टाकलंय.